जुईच्या जागी मी

माझ्यामुळे माझ्या मुलीचं लक्ष आणखी उडालं, याचा छापील पुरावा जळगावच्या डॉक्टरीणबाईंकडे आहे.

जुई नऊ वर्षांची. तिला एडीएचडी आहे, म्हणजे तिची एक पोळी तीन खोल्यांत संपते. डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या जोडीला कॉम्प्युटरवरचा एक खेळ दिला. बेडूक दिसला की बटण दाबायचं, फुलपाखरू दिसलं की हात आवरायचा. रोज वीस मिनिटं, महिनाभर, आणि निकाल परस्पर त्यांच्याकडे. पोरगी दात-ओठ खाऊन खेळायची. चुकली की रडायची, पण जागेवरून उठायची नाही. (उठायची नाही! आमच्या घरात!)

शेवटचे चार दिवस ती आईबरोबर धरणगावला मावशीच्या लग्नाला गेली. आम्ही भुसावळची रेल्वेची माणसं. कुणी रजेवर गेलं की त्याची ड्युटी दुसऱ्यानं उचलायची, हे अंगवळणी पडलेलं. पोरीची हजेरी बुडू कशी द्यायची? बसलो माउस धरून!

माझी आई धुळ्याकडची, अहिराणी बोलणारी. शेजारी शेंगा सोलत ती माझ्यावर देखरेख करायला लागली.

"ऊना, ऊना! दाब!"

"आई, आलं ते फुलपाखरू होतं!"

"मंग आते काय दाबस? तो ग्या ना!"

त्यात फोन वाजला, कुकरनं शिट्टी दिली. बेडूक येऊन गेले, फुलपाखरं मात्र मी एकही सोडलं नाही. चारही दिवस हेच.

मग जुईला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी छापील आलेखावरून बोट फिरवलं.

"इतके दिवस छान चढलीय, आणि शेवटी एकदम खड्ड्यात! डोस वाढवावा लागेल."

जुईनं माझी बाही घट्ट धरली. "पप्पा, मी नीट खेळत होते ना?"

तिचे डोळे भरले आणि मला माझीच भयंकर लाज वाटली. गप्प बसावं तर पोरीला जास्तीचं औषध, बोलावं तर अब्रू!

"मॅडम, शेवटचे चार दिवस... ते मी आहे."

"तुम्ही?"

"ही लग्नाला गेली होती. मी हिच्या जागी ड्युटी केली."

बाईंनी चष्मा काढून मला नीट पाहून घेतलं. डोस होता तेवढाच राहिला. जुईला शाबासकी मिळाली आणि ती खुर्चीवर उड्या मारायला लागली.

"आणि तुम्ही रेल्वेत नेमकं काय करता?" बाईंनी मला विचारलं.

"कंट्रोलमध्ये आहे. गाड्यांवर लक्ष ठेवतो."

बाईंनी शांतपणे फोन उचलला आणि घरी कळवलं, "आज मी रेल्वेनं नाही, बसनं येते."