हजार पायांची डिस्क

आमच्या भावोजींना बाजारात सगळे मांत्रिक म्हणतात. नव्याकोऱ्या कंप्युटरच्या अंगात जुनी सिस्टीम घालून दाखवणारा त्यांच्यासारखा दुसरा माणूस नाही. कुणाचं मशीन जुन्या सिस्टीमशिवाय हलत नाही आणि कंपनीवाले म्हणतात फेकून द्या, की लोक त्यांच्याकडे येतात. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. फळीवर जुन्या सीड्यांच्या चळती, प्रत्येकीवर त्यांचं बारीक अक्षर. बोलणं मुळात कमी, आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर आला की तेवढंही नाही. लग्न राहूनच गेलं. मी चिडवायची, "भावोजी, आता तुम्हालाच कुठेतरी बसवायला हवं." ते मान खाली घालून म्हणायचे, "ड्रायव्हर मिळाला पाहिजे, वहिनी."

आमचा कारखाना बुटांचा. पण दुकानात मिळतात तसल्या बुटांचा नाही. कुणाचा पाय वाकडा, कुणाचा आखूड, कुणाचा अपघातात चेचलेला, अशांचे बूट. त्यासाठी आधी कलबूत लागतं, म्हणजे ज्यावर चामडं चढवतात तो लाकडाचा पाय. आमच्याकडे ते मशीन कोरतं. हे, म्हणजे आमचे मालक, भावोजींचे थोरले भाऊ, पायाचं माप कंप्युटरवर घ्यायचे आणि मग तासन्‌तास त्याला दुरुस्त करत बसायचे. टाचेला जरा उतार, करंगळीपाशी केसभर जागा. असं चौदा वर्षं केलं. अकराशे माणसांचे पाय त्या कंप्युटरात होते. दरवर्षी जुना बूट झिजला की माणूस यायचा आणि आम्ही त्याचं कलबूत पुन्हा कोरायचो.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. तरी कारखाना चालू राहिला, कारण ह्यांनी केलेलं काम आत शाबूत होतं. मी फक्त बटण दाबायची.

मग कंप्युटरचा बोर्ड जळला. नवा कंप्युटर आणला, त्यात डिस्कही नवी, तर मशीनचा प्रोग्रॅम नव्या सिस्टीमवर चालायलाच तयार नाही. भावोजी बॅग घेऊन आले आणि तीन दिवस हलले नाहीत. जुन्या सिस्टीमला नवी डिस्कच दिसेना. दिसली तर कीबोर्ड मेला, म्हणून दुकानातून गोल पिनेचा जुना कीबोर्ड आणला. मग स्क्रीन निळी. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी जुन्या डिस्कवरचे सगळे पाय नव्या डिस्कवर उतरले आणि दुपारी मशीनने घरघर करून लाकूड कोरायला घेतलं, तेव्हा ह्यांनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. भावोजींचे डोळे भरून आले. धाकटा भाऊ कितीही मोठा झाला तरी शाबासकी मोठ्याचीच लागते.

जाताना ते मला म्हणाले, "वहिनी, नवी डिस्क फार मोठी आहे. ह्या जुन्या सिस्टीमला ठरावीक आकड्यापर्यंतच मोजता येतं. त्याच्यापुढे गेली की ती परत शून्यापासून मोजते, आणि पुढे लिहायचं ते मागे जाऊन लिहिते. म्हणून मी अर्ध्याहून जास्त डिस्क रिकामी सोडलीय. तिला हात लावायचा नाही." त्यावर उपाय होता म्हणे, पण तो केला की मशीनचा प्रोग्रॅम रुसायचा. सगळ्याची आणखी एक नक्कल काढू, असंही म्हणाले. मी म्हटलं, ऑर्डरी तुंबल्यात, नंतर बघू. जुनी डिस्क आधीच कुरकुरत होती. तीही आठवडाभरात गेली.

मी प्रत्येक पायाचे, प्रत्येक बुटाचे फोटो ठेवायला लागले होते. जागा भरली. भावोजींना म्हटलं, ती रिकामी जागा द्या. ते नाही म्हणाले. पुन्हा म्हटलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. "अख्ख्या बाजाराला करून देता आणि घरच्यांना नाही? राहू दे, दुसऱ्या कोणाला बोलावते!" असं मी बोलले. त्यांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी मुकाट्याने डिस्क काढली, दुकानातल्या कंप्युटरला लावून उरलेल्या जागेचा वेगळा कप्पा पाडला आणि परत बसवली. "थोडेच ठेवा हं. मी दुसरी डिस्क आणतो तोवर." मी कुठली थोडे ठेवतेय!

दोन महिने काही झालं नाही. मग एका सकाळी कंप्युटर सुरूच होईना. माझे फोटो मोजणीच्या पार गेले होते आणि मागे येऊन ह्यांच्या कामावर बसले होते. भावोजींनी चार दिवस खपून सातशेच्या आसपास पाय वाचवले. बाकीचे गेले.

ते ह्यांच्यासमोर उभे राहिले. "दादा, चूक माझी. मला माहीत होतं, तरी केलं." माझं नाव नाही घेतलं. मी चहाचा ट्रे धरून तिथेच उभी होते आणि गप्प राहिले. ह्यांनी डाव्या हाताने दार दाखवलं.

पाय काय, पुन्हा मोजता येतो. ह्यांचा हात कुठून आणायचा?

तीन आठवड्यांनी आमचा पोस्टमन आला. त्याचं कलबूत गेलेल्यांतलं. मी माप घेतलं, जसंच्या तसं कोरलं, बूट दिले. आठ दिवसांत तो लंगडत परत आला, मोजा रक्ताने चिकटलेला. ह्यांनी त्याची करंगळी पाहिली आणि लहान मुलासारखे रडले. पोस्टमन बिचारा, "असू दे साहेब, बरं होईल," म्हणत राहिला. तो गेल्यावर मला राहवेना. सगळं सांगितलं. मीच हट्ट केला, मीच टोमणा मारला, मीच भरलं.

हे एकेक शब्द ओढत म्हणाले, "महिनाभर... माझ्या भावाला... चोर केलंस."

मी तशीच चपला घालून भावोजींच्या दुकानात गेले. फळ्या रिकाम्या. सीड्या पोत्यांत भरून दाराशी ठेवलेल्या, भंगारवाला यायचा होता. एका शोरूममध्ये नोकरी धरली, म्हणाले. नवे कंप्युटर विकायचे, जुन्याचं काही नाही.

मी तोंड उघडणार तोच तेच घाईने जवळ आले.

"वहिनी, एक ऐका. तुम्ही म्हणाला होता म्हणून मी ते केलं, हे दादाला कधी सांगू नका हं. माझ्यावर रागावलाय तो, चालतंय. तुमच्यावर रागावला तर त्याला घास कोण भरवणार?"

मी सांगून आले होते. ते काही मला त्यांना सांगवेना. पोत्यावर बसले आणि रडत राहिले, आणि भावोजी माझ्यासाठी पाणी शोधत राहिले.