गौरम्मा आत्याच्या उपाशी कौद्या

आमची गौरम्मा आत्या बिचारी होती असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. बिचारी कसली? तिला बिचारी आम्ही केलं होतं, मी, माझी आई म्हणजे अव्वा आणि अप्पा, तिघांनी मिळून. त्यातून ती सुटली, आम्ही नाही सुटलो.

तिला वैरागला दिली होती. चार वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला एका ट्रंकेसकट सोलापूरच्या एस.टी.त बसवून दिलं. माझे अप्पा, चनमल्लप्पा, तिचे सख्खे भाऊ. पण स्टँडवरून घरी आणताना त्यांनी वाटेत एवढंच विचारलं म्हणे, परत कधी जाणार. अव्वानं तिला सरपणाची खोली दिली आणि अंगाखाली घ्यायला पोतं. पांघरायला ट्रंकेत लुगडी आहेत की तिच्या, असं अव्वा म्हणायची. मी तेव्हा नऊ वर्षांची. भांडी, दळण, अप्पांची धोतरं, माझी वेणी, सगळं आत्याच्या अंगावर पडलं. वर आम्ही तिला सांभाळतो असं गल्लीत सांगत होतो.

दुपारी ती गल्लीतल्या बायकांच्या कौद्या शिवायची. जुन्या लुगड्याधोतरांचे थर घालायचे, वरून रंगीत तुकडे लावायचे आणि धावदोऱ्यानं गोधडी शिवायची, ती आमची कौदी. उरलेला तुकडा शिवणारीनं ठेवून घ्यायचा अशी पद्धत. कधी वीतभर, कधी दोन बोटं. आत्या ते तुकडे ट्रंकेत टाकत गेली. अशी आठ वर्षं गेली.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर एका दुपारी तिनं ती ट्रंक अंगणात उपडी केली आणि अव्वाला म्हणाली, ही कौदी माझ्यासाठी शिवणार. त्या बाईच्या तोंडून 'माझ्यासाठी' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. अव्वा हसली.

गल्लीतल्या कौद्या ठरलेल्या असायच्या, चौकोन, त्रिकोण आणि कडेला पट्टी. हिनं मधोमध आपल्या लग्नातल्या हिरव्या इरकलीचा तुकडा लावला आणि त्यातून चहूकडं त्रिकोण सोडले, दाणे टिपणाऱ्या चिमण्या उडाव्यात तसे. कडेकडेला जाताना ते बारीक बारीक होत गेले. असलं तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिवताना ती कानडीत काहीतरी गुणगुणायची, चूल विझली तरी तिला कळायचं नाही. अव्वा घालूनपाडून बोलायची. आत्या ऐकून घ्यायची आणि पुन्हा सुईत दोरा ओवायची.

आता आमच्याकडची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं. कौदी पुरी होत आली की शेवटचा कोपरा उघडा ठेवतात. सवाष्ण बाई त्यात भाकरीचा तुकडा आणि चिमूटभर हळद घालते, जो पांघरणार त्याचं नाव मोठ्यानं घेते आणि मग तो कोपरा शिवतात. ही कौदीची ओटी. ओटी भरली नाही ती कौदी उपाशी, ती अंगावर घ्यायची नाही. आणि एकदा घेतलेलं नाव बदलत नाही. टाकलेल्या बाईला ओटी भरायचा मान नाही. म्हणजे दुसऱ्यांच्या शंभर कौद्या शिवणाऱ्या आत्याला स्वतःच्या कौदीसाठी अव्वाच्याच हातापाया पडायचं होतं. पडली की ती. चार वेळा पडली, तेव्हा अव्वा हो म्हणाली.

बहात्तरची शिवरात्र होऊन गेली होती, माझं लग्न महिन्यावर आलं होतं. शेजारच्या दोघी येऊन बसल्या. आत्या न्हाऊन, विभूती लावून आली. तिनं उघडा कोपरा दोन्ही हातांनी अव्वापुढं धरला. अव्वानं भाकरी घातली, हळद घातली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हेमावतीची."

हेमावती म्हणजे मी.

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. कारण आदल्या दिवशी अव्वाच्या मागं मीच लागले होते. मोडनिंबला, माझ्या सासरी, सगळ्यांत मिरवायला मला ती कौदी हवी होती. अव्वा म्हणाली, खरंय, तिला कशाला हवी एवढी नक्षी, तिच्या खोलीत कोण बघणार आहे? आणि दोघी हसलो. हलकटपणा होता तो, दुसरा शब्द नाही.

आत्यानं सुईत दोरा ओवला. तिनंच तो कोपरा शिवला, गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि घडी करून माझ्या मांडीवर ठेवली. "नाव घेतलं, झालं की," एवढं म्हणाली आणि भांडी घासायला गेली. पुढं तीन दिवस ती जेवली नाही. अव्वा त्याला नखरे म्हणाली.

त्या वर्षी पाऊस गेलाच. घरात धान्य पुरेना तसं अप्पांनी आत्याला कुंभारी गावाच्या पुढं दुष्काळी कामावर खडी फोडायला धाडलं, वर तिथं मजुरांना खायला वाटतात ती सुकडी घरी आणायची असं बजावलं. तिथं बाया तान्ह्या पोरांना खडीवरच निजवायच्या, वरून बोचरा वारा. आत्यानं पोत्यांचे, फाटक्या धोतरांचे तुकडे गोळा करून कौदी शिवली आणि कोपरा उघडाच ठेवला. बायांनी विचारलं, कुणाच्या नावाची? ती म्हणाली, नाव नाही, गार लागेल त्यानं घ्यावी. उपाशी कौदी पांघरायची कशी म्हणून पहिल्या दिवशी कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी थंडी वाढली, तशी ओढाओढ झाली.

दुष्काळी कामं बंद पडली तरी ती घरी परतली नाही. खडीवरची तिची जोडीदारीण कस्तुराबाई, मेंढरंवाली धनगरीण, तिच्या शेडात कुंभारीलाच राहिली. आता भांडी कोण घासणार म्हणून अव्वानं तिला महिनाभर शिव्या घातल्या. आत्या तिकडं शिवतच होती. उलटे बैल, सात बोटांचे हात, कोरड्या विहिरी, मनाला येईल ते. शिवायची, देऊन टाकायची आणि कुठं गेली ते विचारायचीसुद्धा नाही. ती मोठ्यानं हसते म्हणे, असं अप्पा एकदा सांगत होते, तक्रार केल्यासारखं.

शहात्तर साली मला मुलगा झाला. दोन महिन्यांचा असताना तापानं गेला, त्याच कौदीत, माझ्या मांडीवर. मी काय समजायचं ते समजले. कौदी बांधली आणि कुंभारी गाठली.

शेडाच्या दारात बसून आत्या शिवत होती. मी पुढ्यात बसून रडत सगळं सांगितलं, पोराचं सांगितलं, आणि ती कौदी अव्वाकडं मीच मागितली होती तेही. म्हटलं, "आत्या, तुझा तळतळाट लागला मला."

"तवाच कळलं हुतं मला, तू खाली बघितलंस की," ती म्हणाली. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "पोराचं लई वाईट झालं गं. पर मी कशाला तळतळू? तीन दिवस दिल्या असतील शिव्या. मग खडी फोडायला गेले, इसरून गेले."

मी गाठोडं सोडून कौदी तिच्यापुढं पसरली. म्हटलं, तुझी आहे, परत घे. तिनं ती उलटी केली, टाक्यांवरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता उराशी धरेल, रडेल, मला दोन थोबाडीत देईल. देवाशपथ, मी तेवढ्यासाठीच गेले होते.

"न्हाय गं, नको," ती म्हणाली. "कच्चं काम हाय हे. टाके बघ कसले भ्यालेले. तवा मला येत न्हवतं."

चार वर्षं मी जिच्यापायी जळत होते ती ही कौदी. माझ्या अंगाची लाही लाही झाली. विचारलं, मग मी हिचं करू काय?

"नाव तुजं हाय. पांघर, न्हायतर म्हशीवर टाक," असं म्हणून तिनं सुई उचलली. "आणि जरा सरक, उजेड अडतोय."

मी सरकले.