वरच्या मजल्याच्या सळया

मखमलाबादला, डाव्या कालव्याच्या अलीकडे, रंगनाथ निकमांचं बैठं घर आहे. पत्ता विचारला तर कॉलनीतलं कुणीही सांगायचं, “गच्चीवर बाटल्या उभ्या आहेत ना, ते.”

बाटल्या साध्या पाण्याच्या. घराचे नऊ खांब, प्रत्येक खांबाच्या चार सळया स्लॅब फोडून कमरेइतक्या वर आलेल्या, आणि छत्तीसच्या छत्तीस टोकांवर उपड्या घातलेल्या छत्तीस बाटल्या. वरचा मजला मुलाचा, सुयशचा, हे तो आठवीत असतानाच ठरलं होतं. त्याला आता अठरा वर्षं झाली. दरवर्षी अक्षय तृतीया झाली की रंगनाथराव जुन्या डब्यात सिमेंटचं पाणी कालवायचे आणि एकेका सळईला ब्रश मारून गंजापासून राखायचे. कालवा निरीक्षक म्हणून बत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. पाणी कुठून शिरतं आणि काय खातं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

तरीही पाणी शिरतच होतं. खांबांच्या बुडाशी मुरून खाली सुयशच्या खोलीच्या छताला ओल आली होती. घर बांधणारा शफी मिस्त्री दरवर्षी बघून जायचा.

“साहेब, सळया कापू, वरून माल भरू. विषय संपला.”

“पोरगा आला की मजला चढवायचाय.”

“लोखंड हाय ते साहेब, लोणचं नाय मुरत ठेवायला!”

रंगनाथराव हसायचे आणि विषय पुढच्या वर्षावर जायचा. सुयश नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला गेला तेव्हा म्हणाला होता, “पाच वर्षं, बाबा. फार तर सहा.” आता सातवं चालू होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्याचा फोन आला. “बाबा, घर मिळालं!” अकरा घरं बघून झाली होती, दरवेळी कुणीतरी जास्त बोली लावून घेऊन जायचं. बाराव्याला यश आलं. खरेदीखत तिकडच्या भाषेत, म्हणून शेजारी दुभाषी बसवून एकेक ओळ समजून घेऊन मग सही करायची.

सगळं ऐकून रंगनाथरावांनी विचारलं, “मजला चढवता येतो का वर?”

“नाही हो बाबा. कौलांचा रंग बदलायचा तरी परवानगी लागते.” मग तो म्हणाला, “भाडं भरण्यापेक्षा हप्ता बरा. आणि विकता येतंच की कधीही.”

हे शेवटचं वाक्य रंगनाथरावांनी घट्ट धरून ठेवलं. सकाळी फिरायला जाताना, दळण टाकताना, बँकेच्या रांगेत, कुणी अभिनंदन केलं की ते सांगायचे, “तात्पुरतं घेतलंय. विकता येतं कधीही.”

एकदा त्यांच्या पत्नी उज्वलाताई मेथी निवडता निवडता सुनेबद्दल म्हणाल्या, “सायलीनं मागच्या अंगणात सफरचंद लावलंय. फळ धरायला चार वर्षं लागतात म्हणे.”

“असू दे. झाडासकट विकता येतं.”

“हो का?” म्हणून त्यांनी पुढची जुडी सोडली.

वास्तुशांत वैशाखात ठरली. तिकडच्या घरात धूर झाला की छतातली घंटा केकाटते, म्हणून होम मखमलाबादला आणि पूजा आइंडहोवनला असा तोडगा पंचवटीच्या गुरुजींनी काढला. इकडे सकाळचे साडेदहा, तिकडे सात. टीव्हीच्या पडद्यावर सोवळं नेसलेला सुयश आणि नऊवारीवर स्वेटर घातलेली सायली.

“आई, वास्तुपुरुष कुठे पुरू?” सायलीनं विचारलं. “जमीन लाकडी आहे इथली.”

“कुंडीत पुर आग्नेय कोपऱ्यातल्या. कढीपत्त्याच्या नको, त्याची माती रोज उकरशील.”

सगळे हसले, रंगनाथरावही. गुरुजींनी संकल्प सुरू केला. भरतवर्षे, दंडकारण्ये करत सवयीनं ‘गोदावर्याः उत्तरे तीरे’पर्यंत आले आणि थबकले.

“अरेच्चा! वास्तू इथे कुठाय? सुयशराव, तुमच्याकडे नदी कोणती?”

“डोमेल म्हणून आहे एक. छोटीशी.”

“छोटी का असेना. घर कुठल्या तीरावर?”

सुयशनं सायलीकडे बघितलं. “तीर म्हणजे... पुलाच्या पलीकडे.”

“पलीकडे म्हणजे कुणाच्या पलीकडे?” गुरुजी म्हणाले.

रंगनाथराव न राहवून पुढे सरकले. हा प्रश्न त्यांचा होता. “थांब, मी सांगतो. पाणी कुठे वाहतं?”

“उत्तरेला.”

“आता पाणी जातं तिकडे तोंड करून उभा राहा. मनातल्या मनात रे, उठू नकोस! घर कुठल्या हाताला?”

सुयशनं डोळे मिटले. लहानपणी कालव्यावर त्यांचा डबा घेऊन आला की असाच डोळे मिटून उत्तर द्यायचा. “डाव्या.”

“म्हणजे पश्चिम,” रंगनाथराव म्हणाले. “गुरुजी, पश्चिम तीर म्हणा.”

“डोमेल नद्याः पश्चिमे तीरे,” गुरुजींनी खणखणीत म्हटलं. “या वास्तूत चिरकाल सुखानं वास घडावा म्हणून... म्हणा सुयशराव, करिष्ये.”

“करिष्ये,” सुयश म्हणाला. सायलीनं त्याच्या हाताला हात लावला होता. त्याच्या आवाजात कुठे अडखळ नव्हती.

रंगनाथरावांच्या हातात तुपाची पळी तशीच राहिली. उज्वलाताईंनी कोपर लावलं, तेव्हा त्यांनी आहुती दिली. धूर डोळ्यांत जाण्याइतका नव्हता.

दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच शफीला फोन केला. तो गच्चीवर आला, तर सिमेंटचा डबा कोरडा, ब्रशही काढलेला नाही.

“काप,” रंगनाथराव म्हणाले.

अठरा वर्षं हेच सांगणारा शफी ग्राइंडरची वायर उगाच सोडत, गुंडाळत राहिला. “वीतभर ठेवतो ना साहेब. पुढंमागं जोड देता येईल.”

“पाणी मुरेल?”

“थोडं मुरंल.”

“मग नको. बुडापासून घे.”

बाटल्या त्यांनी आपल्या हातानं काढल्या, एकेक करून, छत्तीस. शफीनं एका सळईवरचा सिमेंटचा पापुद्रा नखानं खरवडला आणि चकित होऊन बघत राहिला.

“काय राखलंय साहेब लोखंड! काल दुकानातून आणल्यासारखं.”

रंगनाथरावांनी बाटल्यांचं पोतं उचललं आणि ते जिना उतरले. वर ग्राइंडर सुरू झाला. सुयशच्या खोलीत छताच्या ओल्या डागातून चुन्याचे पोपडे सुटून पलंगावर पडत होते, आणि उज्वलाताई गादीवर जुनी चादर पसरत होत्या. रंगनाथरावांनी पोतं खाली ठेवलं आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.