दोन्हीतलं कोणतंही

आईला लकवा मारला आणि तिची वाचा गेली. डाव्या हाताचा अंगठा तेवढा हलतो. बाबांना ऐकायला कमी येतं, आणि उन्हाळ्यात आमच्या घरात कूलर लागला की शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागतं. म्हणून मी एक घंटी बनवली. आईच्या अंगठ्याखाली बटण, भिंतीवर बोर्ड आणि पुढच्या खोलीत शाळेत शोभेल अशी दणदणीत घंटी. आई बटण दाबून धरते, आणि घंटी वाजलेली ऐकू आली की मगच अंगठा उचलते. ऐकलं बरं का, असं तिचं ते उत्तर.

बोर्ड मी स्वतः आखला होता. त्याचा मेंदू म्हणजे बोटाएवढं एक मॉड्यूल. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा पाय, सॉकेटात दाबून बसवायचं. बाजारात कधी एका जातीचं मिळतं, कधी दुसऱ्या जातीचं, म्हणून दोन्ही बसतील असं सॉकेट ठेवलं. या हुशारीचा मला फार गर्व होता. बुटीबोरीला कारखान्यात मशीन दुरुस्त करते ना मी, घरची घंटी म्हणजे काय, डाव्या हातचा मळ!

घोळ फक्त विजेचा होता. अडॅप्टर पाच व्होल्ट देतो. एक जात पाच घेते आणि आपली आपण कमी करते. दुसरीला त्याच जागी तीनाच्या थोडं वरच चालतं, पाच दिले की ती मरते. त्यासाठी बोर्डावर एक चिमुकली काळी टोपी होती. ती उचलून शेजारच्या दोन पिनांवर बसवली की वीज कमी होऊन जायची. मॉड्यूल बदलताना माझी बोटं आपोआप टोपी सरकवायची. इतकी आपोआप, की ते सांगायची गोष्ट आहे हेच मला सुचलं नाही. ड्रॉवरमध्ये दोन्ही जातींचं एकेक मॉड्यूल ठेवून मी बाबांना म्हटलं होतं, "बंद पडलं तर दोन्हीतलं कोणतंही लावजा बाबा, चालते."

मे महिन्यात ते बंद पडलं. मी ड्यूटीवर. आमच्याकडे फोन गेटवर जमा करावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत गेटवर आले तर बाबांचे तीन मिसकॉल. लगेच फोन लावला, तर बाबा खुशीत.

"झालं वं! मीच लावलं नवं. लाल लाईट बी लागला."

"वाजवून पाहिलं का?"

"आत्ताच जेवली, डोळा लागला तिचा. घंटी वाजवून काहून उठवू?"

"राहू द्या मग, झोपू द्या. शाब्बास, बाबा!"

कोणतं लावलं, हे मी विचारलं नाही. विचारायला दोन सेकंद लागले असते. त्या दोन सेकंदांवर मी अजून चिडते.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. मला म्हणाले, "आज लय शांत झोपून राहिली वं. एकदाही नाही बोलावलं."

मी आत गेले. आई जागी होती. चादर ओली होती, उशीही. अंगठा बटणावर होता आणि पांढरा पडला होता.

बाबा माझ्या मागून आले आणि दारातच थबकले. मग सरळ बोर्डाकडे गेले, चष्मा वर करून पाय मोजायला लागले. तरुणपणी त्यांनी माग चालवला आहे. जुन्या ताण्याला नवा सांधताना धाग्याला धागा मोजायचा, मोजणी जुळली की कापड निघतं. त्यांनी तेच केलं होतं.

"पंधरा इकून, पंधरा तिकून. मोजून लावलं ना मी. मग काहून नाही वाजली?"

मी टोपी दाखवली. म्हटलं, "चूक माझी आहे, बाबा. हे दुसऱ्या जातीचं आहे, याला ही सरकवा लागते."

त्यांनी ती टोपी नखानं हलवून पाहिली. "हे तू मले सांगितलंच नाही," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

लाल दिवा अजून जळत होता. वीज येते एवढंच त्याला कळतं, मेंदू मेला आहे हे कळत नाही. आई किती वेळ दाबत होती, ते विचारायला ना तिला वाचा, ना बोर्डाला जीव. तासभर, की मी शाब्बास म्हटलं तेव्हापासून?

बाबांनी कूलर बंद केला. खोली एकदम शांत झाली. आम्ही दोघं तिच्या समोर उभे होतो, मी "आई, आलो आम्ही, आलो" म्हणत होते, आणि ती आमच्याकडेच बघत होती. तरी तिनं अंगठा उचलला नाही. घंटी वाजली नव्हती ना. शेवटी मीच तो धरून बाजूला केला.