लिफ्टपाशी थांबणारा हवालदार

या माणसावर लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. आमच्या सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी दर वर्षी आग्रह व्हायचा, "काका, जहाजावरच्या माणसांवर लिहा ना." मी लिहिलंही. मिशीवर जिवापाड प्रेम करणारा कप्तान झाला, देवभोळा स्वयंपाकी झाला. ज्याच्यावर लिहायला हवं होतं, तो तेवढा राहिला. आता पंचाहत्तरी उलटली. वाचणाऱ्यांतल्या काहींनी त्याला पाहिलेलं आहे, आणि त्याच्याविषयी चुकीचं ऐकलेलंही आहे. ते चुकीचं माझ्या तोंडून निघालं होतं.

पहिल्यांदा तो घरी आला तेव्हा बेल वाजली, हिनं दार उघडलं, तर समोर कोणीच नाही. बिशान भागातला आमचा फ्लॅट लांब कॉरिडॉरच्या टोकाला. हिनं डोकावून पाहिलं. पार तिकडे लिफ्टपाशी एक उंच, रापलेला माणूस कठड्यावर हात टेकून, आमच्याकडे अर्धी पाठ करून खालची झाडं बघत उभा होता.

"कोण हवंय?"

"चीफसाहेबांचं घर न्हवं का हे?"

"हो. मग तिकडे काय उभे राहिलात? या की."

"तुम्ही बोलवाल तवा येतो, वहिनी. घाई कुणाला हाय?"

हे त्याचं पालुपद. आमच्या जहाज कंपनीत, हार्बरफ्रंटच्या ऑफिसात, तो नुकताच लागला होता. जहाजावर अपघात झाला की जाऊन चौकशी करायची, हे त्याचं काम. मी तिथंच सुपरिंटेंडेंट होतो, म्हणजे जहाजांची दुरुस्ती आणि वेळापत्रक किनाऱ्यावरून सांभाळणारा. पूर्वी चीफ इंजिनियर म्हणून जहाजं केलेली, म्हणून सगळ्यांचा चीफसाहेब. तो कोल्हापूरकडचा, हवालदाराचा मुलगा. ऑस्ट्रेलियात गाड्या दुरुस्त करायला शिकायला गेला आणि तिथं पोलिसात शिरला. वाळवंटाच्या आतल्या भागात, तिथल्या मूळ लोकांच्या वस्त्यांवर, त्यानं ऐन उमेदीची वर्षं काढली होती. आम्हीही त्याला हवालदारच म्हणायचो. त्याला ते आवडायचं.

दारापासून लांब का उभा राहतोस, असं हिनं पोहे देता देता विचारलं.

"तिकडं कुणाच्या दारात थेट जात न्हाईत, वहिनी. गाडी लांब थांबवायची. उतरायचं, आणि त्यांना दिसंल असं भुईवर बसायचं. घरातल्याला वाटलं तर तो येतो. न्हाई वाटलं तर आपण उठायचं आणि जायचं."

"पोलीस असला तरी?"

"पोलीस असला तर जास्तीच."

त्याच्या पोलीसगिरीच्या गोष्टी ऐकायला आमच्याकडे रविवारी शेजारपाजारची मंडळी जमायची. पिस्तूल, पाठलाग असलं काही ऐकायला मिळेल म्हणून येणाऱ्यांची निराशा व्हायची. आजारी माणसाला न्यायला छोटं विमान यायचं, तेव्हा हा धावपट्टीवरून जीप पळवून गाढवं हाकलायचा. पोरं फुटबॉलमध्ये हवा भरायला चौकीत यायची. रस्ता वाहून गेला की आठवडाभर पीठ नाही, डिझेल नाही, आणि त्याबद्दल बोलणी खायला गावात सरकार म्हणून हा एकटाच. मयताला खड्डा खणायलाही हाच. "कायदा शिकवून पाठवलं आणि फावडं हातात दिलं," तो म्हणायचा. दारू चोरून यायची. मग मारामाऱ्या, मग रडारड. ज्याला आदल्या दिवशी बेड्या घातल्या, त्याच्याच शेजारी दुसऱ्या दिवशी भुईवर बसून चहा. "कारण जाणार कुठं? त्योबी तिथंच, मीबी तिथंच."

गावानं त्याला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, तू कुणाचा? आपल्या खेड्यात विचारतात तसंच. त्यांना नात्याशिवाय माणूस ठेवताच येत नाही. म्हणून त्याला कोणाचा तरी भाऊ, कोणाचा तरी काका ठरवलं, आणि त्या हिशेबानं एक खमकी म्हातारी त्याची सासू लागली. आता तिकडची रीत अशी की जावयानं सासूकडे बघायचं नाही आणि तिच्याशी बोलायचंही नाही.

"आणि तक्रार घेऊन सारखी यायची तीच! मग मी चौकीबाहेर एका अंगाला तोंड करून बसायचो, ती माझ्याकडं पाठ करून बसायची, आणि मधी आमचा तिथलाच एक गडी. ती त्याला सांगणार, त्यो मला सांगणार. सगळं ऐकू येतंय दोघांस्नी, पण न्हाई. एकदा मी चुकून परस्पर उत्तर दिलं, तर म्हातारी लाजून पळाली आणि तक्रार बुडाली."

"ही रीत आपल्याकडे आणा हो," ही म्हणाली, आणि माझ्या आईच्या फोटोकडे बघून हसली.

जहाजावरही तो तसाच वागायचा. बाकीचे चौकशी करणारे कप्तानाच्या केबिनमध्ये बसून खलाशांना एकेकाला बोलावत. हा डेकवर जाऊन, लोक काम करतात तिथं सावली बघून खाली बसायचा. काही विचारायचा नाही. जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी शेजारी येऊन बसायचं आणि दोरखंडाबद्दल, पावसाबद्दल बोलता बोलता खरं काय ते सांगून जायचं. ऑफिसात त्याची थट्टा व्हायची. थट्टा करणाऱ्यांत मीही होतो. "काय हवालदार, आज किती वेळ बसलात?" "अजून बसलोयच म्हणा," तो हसायचा. हसताना, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचा नाही. तेही तिकडचंच. डोळ्यांत बघणं म्हणजे अंगावर जाणं.

एकदा दुपारी ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी, कोपी म्हणजे इथली कॉफी पिताना त्यानं मला ती गोष्ट सांगितली. मी विचारली नव्हती. त्याच्या चौकीवर कागदोपत्री दोन माणसं होती, प्रत्यक्षात एकच. दुसरा माणूस द्या म्हणून त्यानं वर्षानुवर्षं वर लिहिलं. एका संध्याकाळी गावात दोन घराण्यांची जुंपली, लोखंडी सळया निघाल्या, बायकापोरं मध्ये. तेवढ्यात लांबच्या एका पाड्यावरून एका बाईचा फोन आला, नवरा पिऊन आलाय, ये. ती त्या सासूची नात. पाडा म्हणजे कच्च्या रस्त्यानं तासन्‌तासांची वाट. इथून निघालो तर इथं चार मुडदे पडतील, असं त्याला वाटलं. तो थांबला, भांडण मिटवलं, मग गेला. तोवर ती बाई जिवानिशी गेली होती.

"वरिष्ठांनी चौकशी लावली. दुसऱ्या माणसाचं मी लिवलेलं कुणालाच आठवंना. ठपका माझ्यावर. का थांबलास, म्हणाले." तो कपाकडे बघत बोलत होता. "सासू आली. माझ्याकडं पाठ करून बसली. कुणाकरवी काय बोलली न्हाई. दिवसभर बसली आणि गेली. तिनं मला दोष न देता सोडलं, चीफसाहेब. ज्यांनी पाठवलं त्यांनी न्हाई सोडलं."

मग म्हणाला, "ऑफिसात कुणाला ठाऊक न्हाई हे. तुम्ही वडीलधारे, म्हणून."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

पुढच्या वर्षी आमच्या एका जहाजावर, सिंगापूरच्या बंदराबाहेर नांगर टाकलेला असताना, फिटर गेला. मालवणकडचा. माझ्या हाताखाली दोन जहाजं केलेला, सुट्टीवरून येताना आठवणीनं कोकमं आणणारा. बंद टाकीत व्हॉल्व्ह दुरुस्त करायला उतरला आणि आतच कोसळला. अशा टाकीत उतरण्याआधी पंखा लावून हवा खेळवायची, आतली हवा तपासायची, आणि मगच माणूस सोडायचा, हे जहाजावरच्या पोरासोरालाही माहीत असतं. मीच कित्येकांना ते शिकवलेलं. पण जहाजाला धक्क्याची जागा मिळाली होती आणि ती हातची जाईल म्हणून मी ऑफिसातून जहाजावर फोन केला होता. माझे शब्द मला आजही पाठ आहेत. "संध्याकाळच्या आत उरका. पंखा काय दिवसभर फिरवत बसणार आहात?"

त्यांनी उरकलं.

हवालदार जहाजावर गेला, डेकवर बसला. परत आल्यावर आमची बेल वाजली. मी बघितलं, तो लिफ्टपाशी उभा होता. या वेळी तो आत आला नाही. मीच तिथवर गेलो. दोघंही कठड्यावरून खाली बघत राहिलो.

"फोन कुणाचा ते मला कळलंय," तो म्हणाला.

मी कठड्यावरचा हात काढून घेतला.

"मी लिवलं, तर तुम्ही सापडलात असं हुतंय. तुम्ही सोताहून बोललात, तर ते वेगळं. माणूस सोता येतो न्हवं, त्याला मान असतो. उद्या मीटिंग हाय. तुम्ही बोला. मी अहवालात नाव घालत न्हाई. थांबतो तुमच्यासाठी."

"बोलतो," मी म्हणालो. त्या क्षणी मी खरंच बोलणार होतो, हेही लिहून ठेवतो, त्याचा उपयोग काही नसला तरी.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्यानं सांगितलं की ऑफिसातून घाईचा फोन गेला होता, आणि ज्यांनी केला ते स्वतःच सांगतील. मग तो टेबलाकडे बघत थांबला. त्याची ती थांबायची रीत तुम्हाला आता माहीत आहे. तो मला घाई करणार नव्हता. माझी निवृत्ती जवळ आली होती. तोवरच्या सगळ्या नोकरीत माझ्या नावावर एक डाग नव्हता. मी पेनाचं टोपण काढलं आणि लावलं.

डायरेक्टर म्हणाले, "कोणीच नाही? मग हे फक्त तुमचं म्हणणं झालं." आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही यांना जवळून ओळखता. यांच्या निष्कर्षावर विसंबावं का?"

एवढंच होतं. 'विसंबावं' एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "माणूस चांगला आहे. पण ऑस्ट्रेलियात त्याच्या ड्युटीवर एक बाई मेली, तो वेळेवर पोचला नाही, चौकशी झाली. तेव्हापासून प्रत्येक मृत्यूत त्याला ऑफिसचाच दोष दिसतो." हे मी फार हळुवारपणे, कळवळ्यानं म्हणालो. त्यामुळे ते सगळ्यांना पटलं.

त्यानं मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. माझं नाव घ्यायला त्याला तेव्हाही कोणी अडवलं नव्हतं. पण थांबतो म्हणाला होता, म्हणून त्यानं ते घेतलं नाही. मला एकट्याला कळेल असं मराठीत "बरं" म्हणाला, आणि आपले कागद गोळा केले.

फिटर परवानगी न घेता स्वतःच उतरला, असं ठरलं. त्याच्या घरी तसंच कळवलं गेलं. त्याची बायको, मुलं अजून तेच खरं मानत असतील. हवालदाराची नोकरी महिनाअखेर संपली. मंडळात कुजबुज झाली, याच्यामुळे म्हणे एक बाई मेली होती. ती कुजबुज कुठून निघाली हे कोणी विचारलं नाही, आणि मला ती थांबवता आली असती.

तो पुन्हा त्याच वाळवंटातल्या वस्तीवर गेला. पोलीस म्हणून नाही, तिथल्या दवाखान्याची गाडी चालवायला. काही वर्षांपूर्वी तिथंच वारला. इथल्या एका जहाजावरच्या मित्राकडे निरोप आला होता. त्या लोकांनी त्याला त्यांच्या रीतीनं पोचवलं म्हणे. तिथं गेलेल्या माणसाचं नाव बराच काळ कोणी उच्चारत नाही, फोटोही झाकून ठेवतात, हे त्यानंच आम्हाला सांगितलं होतं. म्हणून मीही इथं नाव घेतलेलं नाही.

आता एक राहिलं. त्यानं सिंगापूर सोडण्याआधीच्या रविवारी, दुपारी, आमची बेल वाजली होती.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांमधून पाहिलं. लिफ्टपाशी, कठड्यावर हात टेकून, अर्धी पाठ करून तो उभा होता. हातात पिशवी वगैरे काही नव्हतं. भांडायला आलेला माणूस असा उभा राहत नाही.

"अहो, हवालदार आलाय," ही हात पुसत म्हणाली. "उघडा की दार."

"थांब."

"अहो, किती वेळ उभं ठेवायचं त्याला?"

ती दाराकडे निघाली. मी तिचं मनगट धरलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा काही विचारलं नाही. आजतागायत विचारलेलं नाही. हे वाचेल तेव्हा तिला कळेल.

त्यानं बेल दुसऱ्यांदा वाजवली नाही. घरात माणूस आहे हे त्याला ठाऊक असणार. बाहेर माझ्या चपला होत्या. तो बराच वेळ थांबला. ज्याला यायचं त्याला वेळ मिळावा, इतका. खिडकीमागे मी ते वाक्य मनातल्या मनात जुळवत होतो. 'तो फोन माझा होता, आणि तुझी गोष्ट मी विकली. मला माफ कर.' वाक्य तयारही झालं होतं. मी कडीवर हात ठेवला होता. तेवढ्यात लिफ्ट आली.