फोनमधली खरखर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आमच्या ह्यांच्याजवळ तर मुळीच नाही — आणि बोलायला हवं होतं ते त्यांच्याजवळच.

आणीबाणीच्या आधीचा हिवाळा. कुरुंदा गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी कामाला होते. मॅट्रिक झालेली, म्हणून शेडमधला फोन माझ्याकडे. काम काय — शेठ फाटकावरच्या ऑफिसातून बोलायचे, ते मी बायांना सांगायचं. त्या फोनची तार शेषराव वायरमननी ओढलेली. शेठ म्हणत होते लोखंडी टाका, पण शेषराव हटून बसले. "मोटारीजवळ लोखंडी तार नुसती घरघर करते. तांब्याच्या दोन तारा पिळून टाकतो. आवाज बराबर न्हाई आला तर मला बोला."

आणि आवाज कसा यायचा म्हणता? शेठ जणू शेजारीच बसलेत!

मग सुमनचं लग्न आलं. आमच्याबरोबर मशीनवर कापूस टाकणारी सुमन. लग्न गावातच, दुपारी. सगळ्या बाया माझ्यामागं लागल्या — "शेठला इचार की माय!" विचारलं. शेठ म्हणाले, "सुट्टी न्हाई. कापसाच्या गाड्या उभ्या हायेत. मशीन चालूच ठेवा."

शब्द न् शब्द ऐकला मी. फोन ठेवला, वळले. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं... आणि मी म्हणाले, "जा म्हणले!"

काय ती पळापळ! केसांतला कापूस झटकत, खिदळत आम्ही बुद्धवंदनेला वेळेवर पोचलो. आम्हाला बघून सुमन रडता रडता हसायला लागली. इतकी खूश मी त्याआधी कधी झाले होते? आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी शेठनी जाब विचारला. मी म्हणाले — फोनमधी लई खरखर होती, 'जा' असंच ऐकू आलं. शेठ शेषरावांवर उखडले, सगळ्यांसमोर. तांब्याची तार काढून लोखंडी टाकायला लावली. खांबावरून उतरल्यावर शेषरावांनी मला एकदाच विचारलं, "खरंच खरखर होती काय?"

"व्हय," मी म्हणाले.

पुढं ह्याच शेषरावांशी माझं लग्न झालं. संसारही हसतखेळत झाला. पण त्यानंतर कुठंही फोन जोडायचा असला, की हे लोखंडी तारच टाकायचे. घरघर झाली तरी. "तांब्यानं एकदा दगा दिला," म्हणायचे, आणि मी समोर बसून वाढत राहायचे.

तांब्यानं दगा दिला नव्हता. आवाज साफ आला होता.