टचिंग न केलेले फोटो

फोटो स्टुडिओच्या माळ्यावर, खडखडणाऱ्या पंख्याखाली, पन्नाशीला टेकलेला एक माणूस दिवसभर लोकांची तोंडं साफ करत बसायचा. त्याला सगळे टचिंगमास्तर म्हणत. खाली शेठ फोटो काढायचा आणि वर मास्तर ते बघण्यासारखे करायचा. नवरीच्या पुटकुळ्या, नवरदेवाचं पोट, सासरेबुवांचं टक्कल, सगळ्यांवरून त्याचा हात फिरलेला. शेठचा नियम एकच: टचिंग झालं की मूळ फोटो पुसून टाकायचा. गिऱ्हाइकाने आपलं मूळ तोंड पाहिलं की ते भांडायला उठतं. हा नियम मास्तरच्या इतका अंगवळणी पडला होता की घरचे फोटोही तो याच पद्धतीने ठेवायचा.

तर या मास्तरने चाळिशी उलटल्यावर लग्न केलं, आणि तेही परदेशी बाईशी. तो थोरल्या भावाच्या घरी राहायचा. वहिनी म्हणाली, "भाऊजी जेवायला बसले उशिरा, पण पंगत निवडली साता समुद्रापलीकडची."

बाई जवळच्या हॉस्पिटलात करारावर आलेली नर्स. ओळखपत्राचा फोटो काढायला आली आणि मास्तरने सवयीने तिच्या भुवईवरचा जुना व्रण उडवून टाकला. ती फोटो घेऊन तरातरा माळ्यावर चढली. "ही कोण? मला माझा फोटो पाहिजे." मोडक्यातोडक्या भाषेत तिने त्याला असं धारेवर धरलं की मास्तर गारच पडला. पुढे त्या भांडणाचा चहा झाला आणि चहातून बाकीचं सगळं झालं. करार संपून ती परत गेली, तेव्हा मास्तर मागोमाग गेला आणि तिच्या देशात नोंदणी पद्धतीने लग्न करून आला. भावाला कामावरून सुट्टी मिळेना, म्हणून घरचं माणूस म्हणून वहिनी गेली होती. आता बायकोचा व्हिसा काय, महिन्या-दोन महिन्यांत होईल, असं सगळे म्हणाले. म्हणायला काय जातं!

पहिला नकार फोटोंमुळेच आला. लग्नाचे फोटो जोडायचे म्हटल्यावर मास्तरने त्यात जीव ओतला. आयुष्यभर परक्यांच्या लग्नांना झळाळी आणली, मग स्वतःच्या लग्नात हात आखडता का घ्यायचा? भुवईवरचा व्रण त्याने जपून ठेवला, तेवढं तो शिकला होता. पण मागे उभे असलेले अनोळखी लोक काढले, डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढली, सावल्या काढल्या आणि शेवटी शेठच्या नियमाप्रमाणे मूळ फोटोही पुसून टाकले. सावलीच नसलेलं ते जोडपं पाहून व्हिसा कचेरीतल्या अधिकाऱ्याला वाटलं, दोन माणसं दोन ठिकाणांहून कापून शेजारी चिकटवली आहेत. लग्न खरं असल्याची खात्री पटत नाही, असं त्यांनी कळवलं.

म्हणून दुसऱ्या वेळी त्याने एकही फोटो जोडला नाही. तर विचारणा झाली, नवरा फोटोच्या धंद्यात आणि लग्नाचा एक फोटो नाही? इकडे आड, तिकडे विहीर. पुन्हा नकार. मग तिसऱ्या अर्जासाठी मास्तरने एक वकीलबाई गाठली.

त्यानंतर बायकोने व्हिडिओ कॉल बंद केले. म्हणाली, "तू मला बघतोस तेव्हा तुझा उजवा हात माऊस फिरवल्यासारखा हलतो. तू काय करतोस ते मला कळतं." मास्तरने हात मांडीखाली दाबून बघितला, पण ती ऐकेना. मग दोनेक वर्षं नुसता आवाज राहिला. त्या आवाजात तरी काय, तर कागद मिळाला का, शिक्का नीट उमटला का, वकीलबाई काय म्हणाल्या. नवरा-बायको कशावरून भांडतात, कशावरून हसतात, हे दोघेही विसरत चालले होते. मास्तर माळ्यावर दुसऱ्यांच्या नवऱ्या उजळत बसायचा आणि संध्याकाळी जिना उतरताना कठड्याला धरून उतरायचा.

एका दुपारी तिने सांगून टाकलं, "मी थकले. या वेळी नाही म्हणाले, तर मी दुसऱ्या देशातलं मोठ्या मुदतीचं काम घेणार. मग तू तुझ्या घरी, मी माझ्या."

खरं सांगायचं तर क्षणभर मास्तरला सुटल्यासारखं वाटलं. मग त्या वाटण्याची त्याला इतकी लाज वाटली की त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

वकीलबाईंनी या वेळी एकच गोष्ट मागितली. "हात न लावलेले फोटो आणा. कसेही चालतील."

तेच तर नव्हते. ते मिळाले वहिनीच्या जुन्या फोनमध्ये. वहिनीचं फोटो काढणं म्हणजे आनंदच होता. एकात अर्धं बोट आलेलं, दुसऱ्यात सगळे तिरके. बसमध्ये बायको मास्तरच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपलेली, आणि मास्तरचं टक्कल उन्हात चमकणारं. नोंदणी कचेरीच्या पायऱ्यांवर दोघं एका सुटकेसवरून भांडत असलेली.

"असले फोटो द्यायचे?" मास्तर कळवळला. "मी नुसता उजेड सारखा करतो."

"हात बाजूला!" वहिनी कडाडली. "तुमच्या हाताला खाज सुटलीय ते दिसतंय मला. दोनदा संसार धुऊन काढलात, पुरे झालं आता."

तिने फोन पदराआड केला आणि दुसऱ्या गल्लीतल्या स्टुडिओत जाऊन स्वतः प्रिंट काढून आणल्या. धंद्यातल्या माणसाला याहून मोठा अपमान नसेल, पण मास्तरमध्ये रागवायचंही बळ उरलं नव्हतं.

मुलाखतीला खिडकीपलीकडच्या अधिकारीबाईंनी तो भांडणाचा फोटोच उचलला. "इथे काय चाललंय?"

काय बोलायचं ते मास्तरने पाठ केलं होतं, पण त्यात हे नव्हतं. तो म्हणाला, "तिची पुस्तकं मी पुढे घेऊन येणार होतो, सुटकेसचं वजन जास्त भरत होतं. ती म्हणाली, तुझे बूट काढ. मी म्हणालो, तुझी पुस्तकं काढ."

"मग काय काढलं?"

"काहीच नाही. दोघंही हट्टी. जास्तीचे पैसे भरले, आणि मग पैसे का भरले म्हणून विमानतळावरच पुन्हा भांडलो."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी तो फोटो बाकीच्यांच्या वर ठेवला. पुढे बरेच आठवडे काही कळलं नाही, आणि मग एका सकाळी व्हिसा मंजूर झाल्याचा निरोप आला. मास्तरने तो वहिनीला वाचून दाखवला आणि खुर्चीत बसून राहिला. आनंद व्हायला हवा होता, पण तो कुठून आणायचा तेच त्याला सुचेना.

विमान उशिरा आलं. दारापाशी ही गर्दी! वहिनीच्या शेजारी मास्तर टाचा उंचावून एकेक चेहरा न्याहाळत होता. लोक आले, गळ्यात पडले, निघून गेले. सामानाची गाडी ढकलत एक बारीक, केस अगदी आखूड कापलेली, अर्ध्याहून पांढरी झालेली बाई त्याच्यासमोर येऊन थांबली. तिच्यामागचं दार त्याला दिसेना.

"जरा बाजूला व्हा हो," मास्तर तिच्या खांद्यावरून बघत म्हणाला, "माझी बायको यायचीय."

ती हलली नाही.

"अहो भाऊजी, आंधळे झालात की काय!" वहिनीने त्याच्या दंडाला धरून हिसडा दिला. "तीच आहे ती!"

मास्तरच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी बायकोच बोलली, दमलेल्या, सरळ आवाजात.

"राहू दे. आरशात बघितलं की मलाही हल्ली पटत नाही."

तेव्हा कुठे मास्तरने तिच्याकडे नीट पाहिलं. दोन नकारांचं ओझं त्याने एवढे दिवस आपल्याच खांद्यावर आहे असं धरलं होतं. ते तिने किती उचललं होतं, ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि ते आता कशानेही निघणार नव्हतं. त्याला रडू आलं. तिने सामानाची गाडी त्याच्याकडे सरकवली आणि म्हणाली, "घरी चल. मला झोपायचंय."